बावटा चढण्याआधीचे दिवस

बंदरावर तीन नंबरचा, वादळाच्या इशाऱ्याचा बावटा चढतो, तेव्हा तो दिसतो जेटीला बांधलेल्या बोटीला. जी बोट चार दिवसांपूर्वी बर्फ, डिझेल आणि आठवड्याभराचं राशन भरून रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून सुटली आणि आता चाळीस वाव खोल पाण्याच्या पुढे जाळं टाकून उभी आहे, तिला तो दिसत नाही. तिथे मोबाइलला रेंज नसते, वायरलेसवर जवळपासच्या बोटी तेवढ्या बोलतात. वाऱ्याची दिशा फिरली, आभाळाचा रंग बदलला, लाटांची लय मोडली, की तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, समजतो. पण तोवर किनारा शंभर किलोमीटरवर असतो. ताशी सहा-सात सागरी मैलांनी चालणाऱ्या बोटीला हे अंतर शांत पाण्यात आठ-नऊ तासांचं आहे. समोरून वारा लागला तर किती वेळ लागेल, याचा हिशेब कोणी करू धजत नाही.

कोकणच्या मच्छीमाराला वादळाच्या आदल्या दिवशी येणाऱ्या इशाऱ्याइतकाच पुढच्या आठ-दहा-चौदा दिवसांचा सागरी अंदाज गरजेचा आहे. हा अंदाज आज तयार होतो. तो बंदरापर्यंत येत नाही, आणि आला तरी मच्छीमाराच्या निर्णयाला उपयोगी पडेल अशा रूपात येत नाही. यात विज्ञानाची उणीव फार थोडी आहे. उणीव आहे ती व्यवस्थेच्या कल्पनेत. मच्छीमाराला सांगायचं म्हणजे ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ एवढंच सांगायचं, अशी ती कल्पना आहे.

आपल्याकडची बावट्यांची पद्धत अकरा क्रमांकांची आहे. एक नंबर म्हणजे दूर समुद्रात काही तरी घडतंय, तीन नंबर म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा संभव, आठ ते दहा म्हणजे महाभयंकर धोका आणि अकरा म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला. दिवसा शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. बंदरात उभ्या असलेल्या किंवा बंदरातून निघणाऱ्या जहाजासाठी ही पद्धत घडली आणि त्या कामात ती आजही चोख आहे. तिच्या जोडीला हवामान विभागाचं किनारी वार्तापत्र असतं. ते किनाऱ्यापासून ७५ किलोमीटरपर्यंतच्या पाण्याबद्दल बोलतं, त्यापलीकडच्या समुद्राचं वार्तापत्र वेगळं. मच्छीमारांसाठीचा इशारा आता पाच दिवसांपर्यंतचा नकाशासह निघतो. हैदराबादची इन्कॉईस ही संस्था लाटांची उंची, वारा, प्रवाह यांचे अंदाज देते आणि मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे तेही सांगते. हे सगळं चांगलं काम आहे आणि त्याने जीव वाचले आहेत.

पण दर गुरुवारी आणखी एक कागद निघतो, त्याची कोकणातल्या बंदरांवर चर्चाच होत नाही. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरात येत्या दोन आठवड्यांत चक्रीवादळाला जन्म देणारी स्थिती तयार होण्याची शक्यता किती, हे त्यात सांगितलेलं असतं: नाही, कमी, मध्यम की जास्त. विषुववृत्ताजवळून ढगांचा आणि पावसाचा एक मोठा पट्टा पूर्वेकडे सरकत असतो. त्याची एक फेरी साधारण ३० ते ६० दिवसांत पुरी होते. तो हिंदी महासागरावर आला, की अरबी समुद्रात कमी दाबाची क्षेत्रं तयार व्हायला बळ मिळतं. तो पुढे निघून गेला, की समुद्र तुलनेने निवांत राहतो. असल्या संथ हालचालींच्या आधारावर दोन आठवड्यांपुढचं बोलता येतं. दहाव्या दिवशी दुपारी वेंगुर्ल्यासमोर वारा किती असेल, हे त्यातून कळत नाही, आणि कळतं असा दावा कोणी करूही नये. पण ‘पुढच्या आठवड्याच्या उत्तरार्धात लक्षद्वीपच्या आसपास काही तरी उठण्याची शक्यता मध्यम आहे’ एवढं कळतं. खोल समुद्रात जाणाऱ्याला एवढं कळणं फार मोलाचं आहे. मात्र तो कागद इंग्रजीत, तांत्रिक संज्ञांनी भरलेला असतो. तो वाचणारा वाचक म्हणून तांडेल कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

तांडेलाच्या हातात खरोखर कोणते निर्णय असतात, ते बघा. बर्फ किती भरायचा: आठ दिवसांचा की चार दिवसांचा? डिझेल तेवढंच. जायचं कुठे: सरळ पश्चिमेला खोल पाण्यात की दक्षिणेकडे, जिथून देवगड जवळ पडेल? मिरकरवाड्यालाच परतायचं की जयगडच्या खाडीत शिरता येईल अशा बेताने मासेमारी करायची? सोबत कोणती बोट घ्यायची? जो खलाशी परवाच गावाहून आला, ज्याला समुद्र अजून लागतो, त्याला या फेरीत न्यायचं का? यातला एकही प्रश्न ‘जावं की जाऊ नये’ असा नाही. प्रत्येक प्रश्नाला शक्यतेची भाषा चालते. ‘मध्यम शक्यता’ ऐकून कोणी घरी बसणार नाही, बसायची गरजही नाही. फेरी आखूड होईल, टप्पा जवळचा होईल, आणि पाचव्या दिवशी बोट किनाऱ्यापासून शंभरऐवजी तीस किलोमीटरवर असेल. जीव वाचतो तो या सत्तर किलोमीटरमध्ये.

हर्णैच्या बोटींचं उदाहरण घ्या. बंदराला पुरेसा आडोसा नाही, म्हणून वारा वाढला की तिथल्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. खाडीचं मुख गाळाने भरलेलं. भरलेली बोट आत न्यायची तर भरती हवी. लाटा मोठ्या असतील तर मुखाशीच बोट आपटते, आणि तशा दुर्घटना तिथे घडलेल्या आहेत. म्हणजे या बंदरात सहा तासांचा इशारा हा कधीकधी शून्य तासांचा इशारा ठरतो, कारण ते सहा तास ओहोटीचे असू शकतात. इथल्या माणसाला दोन-तीन दिवस आधी कळलं, तर तो सोयीच्या भरतीला आत येईल. मुखावरचा गाळ काढा, ही मागणी वर्षानुवर्षांची आहे आणि ती रास्त आहे. पण गाळ निघेपर्यंत निदान वेळ तरी हातात द्या.

फयान वादळ कोकण विसरलेलं नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं. वादळांच्या यादीत ते मोठं नव्हतं. वाऱ्याचा वेग ताशी ८५ किलोमीटरच्या आसपास. पण कमी दाबाच्या पट्ट्यापासून चक्रीवादळापर्यंतचा प्रवास त्याने इतक्या लवकर उरकला, की खोल समुद्रात असलेल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बोटींना परतायला अवधीच मिळाला नाही. कित्येक खलाशी परतले नाहीत. ओखी त्याहून मोठं आणि त्याहून बोलकं. २९ नोव्हेंबर २०१७ ला जे डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची कमी दाबाची प्रणाली होती, ते दुसऱ्या दिवशी चक्रीवादळ झालं होतं. कन्याकुमारी आणि केरळच्या बोटी त्याच्या कितीतरी आधी दूर गेलेल्या. त्यांच्यासाठी ‘समुद्रात जाऊ नये’ या वाक्याला काही अर्थच उरला नव्हता, ते समुद्रातच होते. त्यातल्या ६८ बोटी आणि नऊशेहून अधिक मच्छीमार वाऱ्यासोबत आणि नशिबासोबत देवगडला पोहोचले. देवगडकरांनी त्यांची काळजी घेतली. पण शेकडो किलोमीटरवरचे लोक आपल्या बंदरात जीव मुठीत धरून येतात, तेव्हा आपल्या बोटीही कधी तरी अशाच परक्या बंदराच्या शोधात असतील, हे कळायला हवं होतं. आठवडाभर आधी ‘या भागात काही तरी उठू शकतं’ एवढी कुणकुण जरी त्या बोटींना असती, तरी त्यातल्या काही किनाऱ्याजवळ राहिल्या असत्या. सगळ्या नसत्या राहिल्या, पण काही राहिल्या असत्या.

हवामान खात्याच्या वर्गवारीत ताशी ६२ किलोमीटरच्या वर वारा गेला की त्या प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात आणि मग तिला नाव मिळतं. नाव मिळालं की वाहिन्या जाग्या होतात, मंत्रालयात बैठका होतात. पण वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर आणि झोत ६५ पर्यंत, ही जी इशाऱ्यातली नेहमीची ओळ आहे, ती लहान बोटीच्या दृष्टीने किरकोळ नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ४५ चा वारा ६५ वर गेला, की दाब दुपटीहून अधिक होतो. एक-दोन सिलिंडरच्या होडीला, डोल जाळी उचलायला गेलेल्या सातपाटी-अर्नाळ्याच्या बोटीला बुडवायला तेवढा पुरतो. म्हणून लांब पल्ल्याचा अंदाज फक्त नाव असलेल्या वादळांपुरता नको. पुढच्या आठवड्यात वादळी वाऱ्याचे दिवस किती, ते साधारण कोणत्या टप्प्यात, हे हवं. ब्रिटनमध्ये जहाजांसाठी नेहमीच्या अंदाजापलीकडच्या दिवसांचा वाढीव अंदाज दोन-चार ओळींत दिला जातो: कोणत्या सागरी भागात वादळी वारा अपेक्षित आहे, कुठे नाही. दोन-चार ओळीच, पण रोज आणि भागवार.

एप्रिल-मे महिन्यात आणखी एक संकट येतं, त्याला तर वाराही लागत नाही. आभाळ स्वच्छ, हवा पडलेली, आणि किनाऱ्यावर लांब, जड लाटा येऊन आदळू लागतात. या लाटा आपल्या समुद्रात जन्मलेल्या नसतात. दक्षिण गोलार्धात चाळीस-पंचेचाळीस अक्षांशांपलीकडे जी तुफानं घोंघावतात, त्यांनी उठवलेल्या त्या लाटा असतात. ज्या लाटांमधलं अंतर अठरा सेकंदांचं, त्यांची ऊर्जा दिवसाला साधारण १२०० किलोमीटर पुढे सरकते. तिथून कोकणपर्यंतचं अंतर सात हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे प्रवास सुमारे सहा दिवसांचा. हे सहा दिवस निसर्गाने आपल्याला फुकट दिले आहेत. केरळच्या किनाऱ्यावर या प्रकाराला कल्लक्कडल म्हणतात आणि इन्कॉईस त्याचे इशारे देते. आपल्याकडे मात्र अशा दिवशी खाडीच्या मुखाशी एखादी होडी उलटली, की ‘अचानक आलेल्या लाटेने’ अशी बातमी येते. ती लाट सहा दिवस वाटेत होती.

यावर एक आक्षेप मी अधिकाऱ्यांकडून आणि काही जाणत्या मच्छीमारांकडूनही ऐकला आहे. इतक्या आधीचा अंदाज चुकणार. दोनदा चुकला की लोकांचा विश्वास उडेल आणि तिसऱ्यांदा खरा इशारा दिला तरी कोणी ऐकणार नाही. हा आक्षेप गंभीर आहे. पण हा वाद नवा नाही. १८६१ मध्ये ब्रिटनच्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी बंदरांवर शंकू आणि ढोल चढवून वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. आपले बावटे त्याच परंपरेतले. अंदाज चुकत, वर्तमानपत्रं टीका करत. फिट्झरॉय गेल्यावर एका समितीने हे इशारे शास्त्राच्या पायावर उभे नाहीत असा निष्कर्ष काढला आणि १८६६ मध्ये ते बंद झाले. ते पुन्हा सुरू करायला लावले समुद्रावर पोट असलेल्या लोकांनी. चुकणारे का असेनात, आम्हाला हवेत, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. समुद्रावर जाणाऱ्याला अनिश्चितता नवी नसते. त्याला चीड येते ती खात्रीच्या सुरात सांगितलेल्या आणि मग खोट्या ठरलेल्या गोष्टीची.

आणि विश्वास आज उडतोच आहे, तो कशामुळे? पावसाळ्याच्या आगेमागे कित्येक दिवस एकच वाक्य सबंध किनाऱ्याला लागू असतं. झाईपासून रेड्डीपर्यंतचा सातशे किलोमीटरहून लांब किनारा, त्यात डहाणूसमोरचा उथळ समुद्र वेगळा आणि मालवणसमोरचा वेगळा. दक्षिणेत वारा सुटलेला असताना उत्तरेत पाणी शांत असतं. उत्तरेतला मच्छीमार दोन दिवस बोट बांधून बसतो, समोर समुद्र आरशासारखा बघतो, आणि तिसऱ्या दिवशी इशारा झुगारून जातो. त्याला बेफिकीर म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. सरसकट इशारा देणाऱ्यावर उद्या ठपका येत नाही, म्हणून सरसकट इशारा दिला जातो. त्याची किंमत मात्र ज्याची चूल मासळीवर पेटते तो भरतो.

कोकणातल्या शेतकऱ्याला जे मिळतं तेवढं मच्छीमाराला मिळालं तरी मी समाधान मानेन. दापोलीचं बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ हवामान विभागाच्या सहकार्याने दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला काढतं. मराठीत, जिल्ह्यानुसार: पाऊस किती, आंब्याच्या मोहोरावर काय फवारायचं, भात कापून ठेवलाय तर झाकायचा का. त्यात नुसता अंदाज नसतो, अंदाजावरून काय करायचं ते असतं. याच विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. तिथे समुद्र समजणारी माणसं आहेत, कोकणातलेच विद्यार्थी आहेत, त्यातले कित्येक मच्छीमारांच्या घरातले. गुरुवारचा दोन आठवड्यांचा कागद, हवामान विभागाचा पाच दिवसांचा इशारा आणि इन्कॉईसचे लाटांचे अंदाज एकत्र वाचून, शुक्रवारी सकाळपर्यंत एका पानाचा मराठी सल्ला तयार करणं हे त्यांच्या आवाक्यातलं काम आहे. उत्तर कोकण आणि दक्षिण कोकण वेगळं, किनाऱ्याजवळचं पाणी आणि खोल पाणी वेगळं. ‘आठ दिवसांची फेरी या आठवड्यात टाळा, चार दिवसांची चालेल, मंगळवारपर्यंत देवगड किंवा जयगडच्या टप्प्यात राहा.’ आणि दर वेळी खाली एक ओळ: मागच्या आठवड्यात आम्ही काय सांगितलं होतं आणि काय झालं. ही ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अंदाज किती वेळा बरोबर येतो, हे ज्याला स्वतः मोजता येतं, त्याचा विश्वास टिकतो.

पैशाचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. फेरी आखूड करायची म्हणजे खर्च फारसा घटत नाही आणि मासळी निम्मी. व्यापाऱ्याची उचल घेतलेली असते, खलाशांचे पगार हंगामावर ठरलेले असतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्यार आणि महा ही दोन वादळं लागोपाठ आली, दोन्ही एकाच वेळी अरबी समुद्रात होती. ऐन हंगाम बुडाला. सरकारने २०२० मध्ये सुमारे ६५ कोटींचं पॅकेज दिलं, म्हणजे बुडालेल्या दिवसांचं नुकसान हे नुकसान असतं हे तत्त्व सरकारने मान्य केलं आहे. ते वादळ उलटून गेल्यावर कित्येक महिन्यांनी देण्याऐवजी, सल्ला मानून बंदरात राहिलेल्या बोटीला ठरलेल्या दराने त्याच महिन्यात मिळालं, तर सल्ला मानणाऱ्यांची संख्या वाढेल. आणि ‘इशारा मच्छीमार ऐकत नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी १७ मे २०२१ आठवावा. तौक्ते वादळात मुंबईच्या पश्चिमेला समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या कामगारांचा पी-३०५ हा तराफा बुडाला आणि त्यावरची कितीतरी माणसं गेली. इशारे आधीपासून होते, संपर्काची सगळी साधनं होती, बंदर गाठायला वेळ होता. काम थांबवण्याचा निर्णय कोणी घ्यायचा आणि त्याचा तोटा कोणी सोसायचा, हे ठरलेलं नसलं की उत्तम अंदाजही कागदावर राहतो.

साधनांबाबत चित्र सुधारतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते मच्छीमार नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेची सुरुवात झाली. एक लाख नौका, ३६० कोटी रुपये, आणि उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश. मोबाइलच्या रेंजबाहेरही आता संदेश पोहोचू शकेल. प्रश्न एवढाच, की त्या यंत्रावर कोणती वाक्यं येणार. तीच जुनी ‘समुद्रात जाऊ नये’ ही ओळ समुद्रात असलेल्या बोटीवर येणार असेल, तर उपग्रहाचा उपयोग काय?

हे तातडीचं आहे, कारण अरबी समुद्र बदलला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं, की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये या समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. आपल्या हंगामाचं कॅलेंडर मात्र जुनंच आहे. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी. १ ऑगस्टला परवानगी, मग पावसाळी वारा जोरात असो की पावसात खंड पडून समुद्र निवळलेला असो. नारळी पौर्णिमेची वाट बघणारे शहाणे, पण पहिल्या दिवशी जाणाऱ्याला पहिली मासळी मिळते, त्यामुळे शहाणपण महाग पडतं. पर्ससीनची, म्हणजे थव्याला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याची, परवानगी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर, म्हणजे अरबी समुद्रातल्या वादळांचा ऑक्टोबर ते डिसेंबर हा दुसरा हंगाम त्यात अख्खा येतो. या तारखा बदलाव्यात की नाही, यावर वाद होत राहील आणि तो व्हावा. पण त्या तारखांच्या आत कोणता आठवडा बरा आणि कोणता वाईट, हे सांगायला कायदा बदलावा लागत नाही. मत्स्य विभागाचा परवाना अधिकारी बंदरात असतोच. बोट सुटताना टोकन देतो तिथेच त्या आठवड्याचा सल्ला लावता येईल, सहकारी सोसायटीच्या डिझेल पंपावर लावता येईल, कारण फेरी किती दिवसांची हे तिथेच ठरतं. सातपाटी, हर्णै, मिरकरवाडा आणि देवगड या चार बंदरांवर येत्या सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारपासून डिसेंबरअखेरपर्यंत हे करून बघावं, आणि प्रत्येक आठवड्याला सल्ला काय होता, समुद्र कसा राहिला आणि किती बोटींनी फेरी बदलली, याची नोंद त्याच पंपावरच्या वहीत सोसायटीनेच ठेवावी.